संत्र्याच्या खोडातून डिंक का गळतो? वऱ्हाडातल्या ‘डिंक्या’ रोगामागची सगळी कारणं, सोप्या भाषेत

संत्र्याच्या झाडाच्या बुंध्याशी मधासारखा पिवळसर-तपकिरी थेंब दिसतो. थोडे दिवस गेले की तो सुकून चकाकणारा खडा होतो. बघायला सुंदर, पण बागायतदाराची झोप उडवणारा. कारण तो थेंब दिसला, याचा अर्थ झाड सालीच्या आत बऱ्याच दिवसांपासून झगडतंय.

या रोगाला वऱ्हाडात ‘डिंक्या’ म्हणतात. अमरावती जिल्ह्यातले वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर, तिवसा हे तालुके, शेजारचे नागपूर, वर्धा, अकोला, बुलडाणा हे जिल्हे, आणि सीमेपलीकडचं मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, म्हणजे जिथे जिथे नागपुरी संत्रा आहे, तिथे तिथे हा रोग ओळखीचा आहे. नागपूर-अमरावती महामार्गावरचं गुरुकुंज मोझरी आपल्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या आश्रमामुळे माहीत असतं. ते याच तिवसा तालुक्यात येतं.

डिंक्याबद्दल विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एका औषधाच्या नावानं मिळतं. पण हा रोग नुसत्या जंतूमुळे होत नाही. जंतू बऱ्याच बागांच्या मातीत आधीपासून असतो. तो कोणत्या झाडाला धरणार, हे पाणी, जमीन, कलम, जखम आणि झाडाला दिलेला ‘ताण’ मिळून ठरवतात. ते कसं, हे समजून घेऊया.

थोडक्यात

• डिंक्या हा ‘फायटोफ्थोरा’ नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होणारा खोडाचा आणि मुळांचा रोग आहे.
• या जीवाला पसरायला पाणी लागतं. बुंध्याशी साचलेलं पाणी हे सगळ्यात मोठं कारण.
• भारी काळी जमीन, मातीत गाडला गेलेला कलमाचा जोड, रोगाला बळी पडणारा खुंट आणि खोडावरच्या जखमा यामुळे धोका वाढतो.
• बहारासाठी झाड ताणावर असतं, तो काळ तपासणीचा आणि डागडुजीचा. ताण चुकीचा दिला किंवा चुकीचा तोडला, तर तोच काळ रोगाला वाट करून देतो.

डिंक हा रोग आहे की लक्षण?

लक्षण. डिंक जंतू तयार करत नाही, झाड करतं. सालीच्या आतला भाग कुजायला लागला की तिथे झाड डिंक सोडतं. आपल्याला खरचटल्यावर खपली धरते, तसंच काहीसं.

खरं नुकसान सालीच्या आत होतं. झाडात दोन वाहतुकी चालतात. मुळांनी शोषलेलं पाणी लाकडातून वर जातं आणि पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे येतं. डिंक्या मारतो तो हा दुसरा रस्ता. पाणी वर जात राहतं, म्हणून पानं काही काळ हिरवी दिसतात आणि झाड ठीक आहे असं वाटतं. पण खाली मुळं उपाशी असतात. हळूहळू मुळं मरतात, मग पाणीही पुरेसं वर जात नाही, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंडे वाळतात आणि ‘सल’ वाढते. सल म्हणजे झाडावरच वाळलेल्या काड्या आणि फांद्या.

कुजलेला पट्टा खोडाभोवती पूर्ण फिरला, की झाड वाचवणं जवळपास अशक्य होतं. जाता जाता काही झाडं एकदम भरपूर फुलतात. अनुभव नसलेल्या माणसाला वाटतं, बहार जोरात आहे. खरं तर अन्न खाली जाऊ शकत नाही म्हणून वर तुंबलेलं असतं. हा फुलोरा झाडाचा निरोप असू शकतो.

फायटोफ्थोरा: बुरशीसारखा, पण बुरशी नाही

रोजच्या बोलण्यात आपण याला बुरशी म्हणतो. दिसतोही तसाच. पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी जास्त जवळचं आहे. फायटोफ्थोरा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बेरी यांनी १८७६ मध्ये दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘वनस्पतींचा नाश करणारा’. याच कुळातल्या एका जीवामुळे १८४५ पासून आयर्लंडमधली बटाट्याची पिकं सडली आणि तिथे भीषण दुष्काळ पडला. संत्र्यावरचे भाऊबंद वेगळे, पण घराणं एकच.

या शैवालाच्या नात्याचा शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. माती ओली झाली की फायटोफ्थोरा असे बीजाणू सोडतो ज्यांना दोन शेपट्या असतात आणि जे चक्क पोहतात. मुळांतून किंवा जखमेतून जे रस पाझरतात, त्यांच्या दिशेनं ते जातात. स्वतःच्या बळावर त्यांना फार लांब पोहता येत नाही. पण वाहतं पाणी त्यांना एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात सहज नेतं. पावसाच्या थेंबांनी उडालेल्या चिखलातून ते खोडावर आणि खालच्या फळांवरही पोचतात.

माती सुकली की हा जीव जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात पडून राहतो. पुन्हा ओल मिळेपर्यंत थांबायची त्याची तयारी असते. म्हणून ‘उन्हाळ्यात माती तापली, रोग मेला’ असं गृहीत धरता येत नाही.

झाड ‘ताणावर’ असतं म्हणजे नेमकं काय?

थंड प्रदेशातली फळझाडं हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातात. संत्रा सदाहरित आहे, तो तसा झोपत नाही. पण त्याला भरघोस फुलं यायची तर वाढ काही काळ थांबावी लागते. म्हणून बागायतदार मुद्दाम पाणी तोडतात. यालाच ताण देणं म्हणतात.

वऱ्हाडात मुख्यतः दोन बहार घेतले जातात. आंबिया बहारासाठी साधारण डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत ताण देतात. पाणी बंद आणि त्यात थंडी, त्यामुळे वाढ थांबते आणि जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीत फुलं येतात. मृग बहारासाठी ताण उन्हाळ्यात दिला जातो आणि फुलं मृगाच्या पावसानंतर जून-जुलैत येतात.

ताण किती दिवसांचा, हे जमीन ठरवते. हलकी जमीन लवकर सुकते, तिथे महिनाभर पुरतो. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, तिथे दीड-दोन महिनेही लागतात. पानं मलूल झाली, फिकट पडली आणि थोडी गळायला लागली, की ताण बसला असं समजतात.

म्हणजे ताण ही सक्तीची विश्रांती आहे. ती मापात असेल तर झाड ताजंतवानं होऊन फुलतं, मापाबाहेर गेली तर ते अशक्त होतं.

कोणत्या गोष्टींमुळे रोग बळावतो?

१. बुंध्याशी पाणी

यादीत पहिला नंबर याचाच. झाडाच्या खोडाला टेकून आळं केलं आणि त्यात पाणी सोडलं, की साल तासन् तास भिजत राहते. पोहणाऱ्या बीजाणूंना यापेक्षा सोयीची जागा नाही. पाटानं पाणी एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे फिरवलं, तर रोगी झाडाखालचं पाणी निरोगी झाडापर्यंत पोचतं. म्हणून ओळीत एकामागोमाग एक झाडं जाताना दिसली, तर आधी पाण्याचा रस्ता तपासा.

२. भारी काळी जमीन

वऱ्हाडची काळी माती कापसाला मानवते, संत्र्याला सगळीकडे नाही. चिकणमातीचं प्रमाण जास्त असेल तर पावसाळ्यात पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बारीक तंतुमुळं गुदमरून मरतात. मेलेली, जखमी मुळं म्हणजे रोगाला उघडं दार. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगा पडताना मुळं तुटतात. म्हणजे एकाच जमिनीत पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा, दोन्ही मार बसतो.

इथे वऱ्हाडातला एक विरोधाभास दिसतो. वरुड आणि मोर्शी तालुक्यांत भूजलाचा उपसा इतका झालाय की ते अतिशोषित मानले जातात. उन्हाळ्यात बाग जगवायला पाणी विकत आणायची वेळ येते, आणि पावसाळ्यात त्याच बागेत बुंध्याशी तळं साचतं. झाडाला तहान आणि बुडणं, दोन्ही एकाच वर्षात अनुभवावं लागतं.

३. खुंट कोणता?

संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडं एकत्र. वर नागपुरी संत्रा, खाली मुळांसाठी दुसऱ्या जातीचा खुंट. विदर्भात पिढ्यान् पिढ्या जंबेरीचा खुंट वापरला जातो. जंबेरी जोमदार वाढते आणि रोपवाटिकेत सोयीची पडते. पण फायटोफ्थोरापुढे ती नाजूक आहे. त्या मानानं रंगपूर लाईम हा खुंट जास्त तग धरतो आणि पाण्याचा ताणही बऱ्यापैकी सोसतो.

मग सगळ्यात प्रतिकारक खुंटच का वापरत नाहीत? याचं उत्तर इतिहासात सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अटलांटिक महासागरातल्या अझोर बेटांवर आणि नंतर भूमध्य समुद्राकाठी याच रोगानं संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हा ‘सावर ऑरेंज’ या आंबट संत्र्याचा खुंट वापरायला सुरुवात झाली, कारण तो पायकुजीला दाद देत नव्हता. जगभर तो पसरला. पण पुढे विसाव्या शतकात ‘ट्रिस्टेझा’ नावाचा विषाणू आला आणि दक्षिण अमेरिकेत याच खुंटावरची लाखो झाडं वाळली. एका रोगावरचा उपाय दुसऱ्या रोगाचं भक्ष्य ठरला. खुंट निवडताना म्हणूनच जमीन, पाणी आणि रोग, तिन्हींचा हिशेब करावा लागतो.

४. कलमाचा जोड मातीत गेला

नागपुरी संत्र्याची साल या रोगाला बळी पडते. म्हणून डोळा जमिनीपासून साधारण २० ते २५ सेंटीमीटर वर बांधलेला असावा आणि लागवडीनंतर जोड मातीच्या वरच राहावा, असा सल्ला असतो. पण होतं काय? रोप खड्ड्यात खोल बसतं, माती दबते, वखरणीत किंवा भर देताना माती बुंध्याकडे ढकलली जाते. चार-पाच वर्षांत जोड दिसेनासा होतो. बाहेरून झाड तेच, पण आता नाजूक साल थेट ओल्या मातीत असते.

५. रोपवाटिकेतून आलेला रोग

बऱ्याचदा रोग बागेत विकत आणला जातो. वरुड तालुक्यातला शेंदूरजना घाट परिसर संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, आणि हंगामात कलमांची मोठी उलाढाल होते. एकाच जागी वर्षानुवर्षं रोपं वाढवली, पाणी साचू दिलं, तर मुळांसोबत फायटोफ्थोराही नव्या बागेत जातो. रोप घेताना पानांची हिरवाई सगळेच बघतात. मुळं बघा. तपकिरी, साल सुटणारी मुळं असतील तर ते रोप स्वस्तातही महाग पडतं.

६. जखमा

शाबूत सालीपेक्षा फाटलेली साल रोगाला सोपी. जखमा होतात कशानं? ट्रॅक्टरच्या अवजारांनी, रोटाव्हेटरनं तुटलेल्या मुळांनी, साल खाणाऱ्या अळीनं, वाळवीनं, उन्हानं तडकलेल्या सालीनं आणि न धुतलेल्या कात्रीनं केलेल्या छाटणीनं. मुळांवर जगणारे सूत्रकृमीही मुळांना बारीक इजा करतात. ताणाच्या काळात मशागत खोल केली तर झाड कमजोर असतानाच मुळं तुटतात.

७. ताण तोडण्याची घाई

दीड महिना कोरडं राहिलेल्या झाडाला पहिल्याच दिवशी भरभरून पाणी दिलं तर? आधीच काही तंतुमुळं वाळलेली असतात. माती अचानक चिंब होते, कवचात दडलेले बीजाणू जागे होतात आणि समोर अशक्त मुळं तयारच असतात. म्हणून पहिलं पाणी हलकं द्यावं आणि त्यानंतर थोड्या दिवसांनी दुसरं नीट द्यावं.

थंड देशांतही विश्रांतीतली झाडंच का सापडतात?

पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी या आठळीच्या फळझाडांतही खोडातून डिंक गळणारा एक रोग आहे. आपल्याकडे ही फळं काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात होतात. त्यांच्यावरचा हा रोग मात्र जिवाणूचा आहे. जिवाणूचं नाव स्यूडोमोनास सिरिंगे.

तो हल्ला करतो झाड झोपलेलं असताना. शरद ऋतूत पान गळल्यावर राहिलेला व्रण, हिवाळ्यातल्या ओल्या हवेत केलेली छाटणी, कडाक्याच्या थंडीनं फाटलेली साल, हे त्याचे दरवाजे. या जिवाणूचे काही प्रकार पाण्याचा बर्फ लवकर व्हायला मदत करतात, म्हणजे सालीचं नुकसान करणारी थंडी ते स्वतःच तीव्र करतात. झाड सुप्तावस्थेत असतं तेव्हा ते नवी साल बनवून जखम बंद करू शकत नाही. वसंतात रस चढला की डिंक वाहतो आणि रोग दिसतो. पण काम हिवाळ्यातच झालेलं असतं. हलक्या वाळूच्या जमिनीत आणि सूत्रकृमी जास्त असलेल्या बागांत त्याचा जोर जास्त दिसतो.

जंतू वेगळा, हवामान वेगळं. संत्र्यावर पाणी हा मुख्य शत्रू, तिकडे थंडी. पण धडा सारखा आहे. झाडाची वाढ थांबलेली असते, तेव्हा त्याला जखम भरून काढता येत नाही. त्या काळात आपण त्याच्याशी कसं वागतो, यावर पुढचं वर्ष ठरतं.

लिंबावरचा ‘खैऱ्या’ म्हणजे हाच रोग का?

नाही. कागदी लिंबाच्या पानांवर, काड्यांवर आणि फळांवर खरखरीत, खडबडीत, कथ्थ्याच्या रंगाचे फोड येतात. तो खैऱ्या. तो जिवाणूमुळे होतो आणि त्याला ‘कँकर’ही म्हणतात. पाऊस आणि वारा एकत्र आले की तो पसरतो. पान पोखरणारी नागअळी त्याला जखमा करून देते. कागदी लिंबू त्याला लवकर बळी पडतं, नागपुरी संत्रा तुलनेनं कमी.

फरक का महत्त्वाचा? कारण फायटोफ्थोरावरचं खास औषध जिवाणूवर चालत नाही. आधी निदान, मग फवारणी.

कसा ओळखायचा?

• बुंध्याशी, जमिनीलगत डिंकाचे थेंब किंवा सुकलेले खडे. संत्र्याचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि कोरड्या दिवसांत स्पष्ट दिसतो.
• साल तपकिरी, दबल्यासारखी, उभ्या भेगा पडलेली.
• चाकूनं साल अलगद खरवडली तर आत तपकिरी कुजलेला भाग आणि त्याला लागून निरोगी फिकट भाग, मध्ये स्पष्ट सीमा.
• पानांच्या शिरा पिवळ्या, पानं लहान, शेंड्याकडून वाळणाऱ्या काड्या.
• बारीक मुळांची साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी निघून येते.
• जोराच्या पावसात जमिनीजवळच्या फळांवर तपकिरी कूज आणि फळगळ.

एक सावधगिरी. डिंक दिसला म्हणजे तो डिंक्याच असेल असं नाही. साल खाणारी अळी, अवजाराची जखम, उन्हाचा चटका यामुळेही डिंक येतो. अळी असेल तर खोडावर भुसा आणि विष्ठेची जाळी दिसते. शंका असेल तर साल आणि मुळाभोवतीची माती कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

वर्षभरात काय, कधी?

डिसेंबर-जानेवारी, ताण सुरू असताना: प्रत्येक झाडाचा बुंधा बघा. जोडावर चढलेली माती बाजूला करा. फळं काढल्यानंतर सल काढा. प्रत्येक झाडानंतर कात्री आणि चाकू निर्जंतुक करा. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. मशागत हलकीच ठेवा.

ताण तोडताना: पहिलं पाणी हलकं. आळं दुहेरी करा. म्हणजे खोडाभोवती आत एक छोटं वर्तुळ मातीच्या कडेनं बंद करायचं आणि पाणी बाहेरच्या वर्तुळात सोडायचं. खोड कोरडं राहतं, आणि पाणी लागतं तिथेच, म्हणजे बाहेर पसरलेल्या तंतुमुळांना मिळतं. ठिबक असेल तर तोट्या खोडापासून दूर घ्या.

मे-जून, पाऊस येण्याआधी: झाडांच्या ओळींमधून उताराच्या दिशेनं चर काढा. खोडाला जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा.

जुलै ते सप्टेंबर: मोठा पाऊस झाला की बागेत चक्कर मारा आणि साचलेलं पाणी काढा. गळलेली, कुजलेली फळं गोळा करून बागेबाहेर पुरा. ती झाडाखाली राहिली तर रोगाचं भांडार बनतात.

ऑक्टोबर, पाऊस गेल्यावर: पुन्हा एकदा बोर्डो मलम.

रोग दिसलाच तर: कुजलेली साल धारदार चाकूनं निरोगी भाग लागेपर्यंत काढा, लाकूड खोल कापू नका. काढलेली साल बागेत न टाकता जाळून टाका. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणानं धुऊन मलम लावा. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्रण किंवा फोसेटिल एएल ही औषधं या रोगासाठी वापरली जातात. मात्रा लेबलवरची आणि तज्ज्ञानं सांगितलेलीच घ्या. शेणखतातून ट्रायकोडर्मा देता येतो, पण तो रासायनिक बुरशीनाशकासोबत एकाच वेळी नको. आपण टाकलेलं औषध आपणच टाकलेल्या मित्रबुरशीला मारेल.

सल्ल्यासाठी या भागात दोन मोठ्या संस्था आहेत: अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था.

बोर्डो मलम: द्राक्षचोरांमुळे सापडलेलं औषध

फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून न्यायचे. ते टाळायला शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर, विषारी दिसणारं मिश्रण मारायचे. १८८२ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं, की या वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं. द्राक्षावरचा केवडा आणि संत्र्यावरचा डिंक्या घडवणारे जीव एकाच मोठ्या गटातले आहेत. म्हणूनच बोर्डोची निळी मात्रा वऱ्हाडातल्या खोडांवरही चालते.

मलम घरी करता येतं. प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि चुना ५ लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. तयार मलमात लोखंडी खिळा किंवा चाकू थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मलम ताजंच वापरा. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घाला आणि पोरांपासून लांब ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मलम लावलं की काम झालं?
नाही. मलम खोडाला कवच देतं. बुंध्याशी पाणी साचत राहिलं तर रोग मुळांतून शिरतो, तिथे मलम पोचत नाही.

डिंक पुसून काढला तर?
काही फरक पडत नाही. डिंक बाहेर आहे, कूज आत.

एक झाड गेलं, तर बाग काढायची का?
नाही. पण मेलेलं झाड मुळांसकट काढा, खड्डा उन्हात तापू द्या आणि लगेच त्याच जागी नवं कलम लावू नका. शेजारची झाडं आधी तपासा.

अशा झाडाची संत्री खाल्ली तर आपल्याला काही होतं का?
हा वनस्पतींचा रोग आहे, तो माणसाला होत नाही. कुजलेलं फळ मात्र कुठलंही असो, खाऊ नये.

शहरात राहणाऱ्यांनी हे का वाचायचं?
नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या नावामागचं गणित नाजूक आहे. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या एका हेक्टरात २७७ झाडं बसतात. कलम लावल्यापासून चांगलं उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. बारा वर्षांचं झाड डिंक्यानं गेलं, तर शेतकऱ्याचं त्या वर्षाचं पीक तर जातंच, वर नवं झाड त्याच्या जागी उभं राहीपर्यंतची वर्षंही जातात. सोयाबीन बुडालं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येतं, संत्र्याचं तसं नाही.

लक्षात ठेवायचं ते एवढंच

डिंक्यावर कुठलीही एक बाटली पुरत नाही. या रोगाचे बरेचसे दरवाजे कुदळ, फावडं आणि चुना-मोरचुदानं बंद होतात: खोडापासून पाणी लांब, जोड मातीच्या वर, चर मोकळे, हत्यारं स्वच्छ, ताण मापात. यातलं बहुतेक काम झाड ताणावर असतानाच करायचं असतं, जेव्हा बागेत करण्यासारखं काहीच नाही असं वाटतं. या हिवाळ्यात पाणी बंद कराल, तेव्हा बागेत एक फेरी फक्त बुंधे बघण्यासाठी मारा.